गोणपाटातले शंभर दाणे

२ जून, दारव्हा तालुका

सकाळी बाबांनी ओसरीत गोणपाट उलगडलं. आठवड्यापूर्वी त्यात घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे दहा-दहाच्या ओळींत मांडून, गुंडाळून, रोज पाणी शिंपडत सावलीत ठेवले होते. कोंब आलेले दाणे मी मोजले. ६४. निदान ७० तरी हवे होते. सोयाबीनचं टरफल नाजूक. मळणीत मार बसला की उगवण घटते. माझा चेहरा पडला, बाबांचा नाही. "आता समजलं ते बरं झालं. पेरल्यावर समजलं असतं त काय केलं असतं?" म्हणाले, आणि एकरी ३० किलोऐवजी ३३ किलो बियाणं धरून हिशेबाला लागले.

मला आमची टेस्टर, म्हणजे अ‍ॅप तपासून चुका शोधणारी सहकारी, आठवली आणि पोटात कालवलं.

शेतमाल नोंदणीच्या अ‍ॅपचं काम मी इथूनच, घरून करतो. मागच्या महिन्यात तिने बग, म्हणजे अ‍ॅपमधली चूक, नोंदवला: गट क्रमांकाच्या रकान्यात '११२/२/अ' घेत नाही. मी चालवूनही न बघता 'बग नाही' म्हणून तिकीट, म्हणजे तिची ती नोंद, बंद केलं. तिने स्क्रीनशॉट जोडून ते परत उघडलं. कॉलवर सगळ्यांसमोर मी म्हणालो, "आधीच्या अ‍ॅपमध्ये हाच रकाना चालला होता. प्रत्येक गोष्ट बग नसते." दोन दिवसांनी एका सीनियर डेव्हलपरने तेच एका ओळीत लिहिलं. अर्ध्या तासात मी दुरुस्त करून दिलं, वर आभारही मानले.

बग तोच होता. सांगणारं माणूस बदललं होतं.

दुपारी पेटीतून आमचा सात-बारा काढला. काका आणि बाबांची वाटणी झाल्यापासून आमच्या गटालाही पोटहिस्सा आहे, तिरप्या रेघेसकट. माझ्या बापाचीच नोंदणी माझ्या अ‍ॅपने नाकारली असती.

कॉलेजात एरियन ५ रॉकेटचं उदाहरण मी परीक्षेत लिहिलं होतं. ४ जून १९९६, उड्डाणानंतर जेमतेम ४० सेकंदांत रॉकेट फुटलं. कोडमधला ६४ बिटांचा आकडा १६ बिटांच्या छोट्या जागेत मावला नाही. तो कोड एरियन ४ वर नीट चाललेला, म्हणून नव्या रॉकेटच्या मार्गावर तो तपासलाच नव्हता. 'आधी चाललं होतं.' हे इतकं पाठ असूनही मी तिला तेच ऐकवलं. 'कोडिंग जमत नाही ते टेस्टिंगला जातात' हे नोकरीच्या पहिल्या वर्षी कानावर पडलेलं, ते कधी आत जाऊन बसलं कळलंच नाही.

संध्याकाळच्या कॉलवर, जे लोक तेव्हा होते त्यांच्याच समोर, मी तिची माफी मागितली. आता तिकीट कोणाचं हे न बघता आधी स्वतः चालवून बघायचं, मगच लिहायचं, असं ठरवलंय. पुढच्या फॉर्मचा आराखडाही कोड लिहिण्याआधी तिला पाठवला. दहा मिनिटांत तिचा प्रश्न आला: सात-बाऱ्यावर तीन भावांची नावं असली तर पैसे कोणाच्या खात्यात जातील?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. जेवताना बाबांना विचारलं. ते घास हातात धरून थांबले. "हे विचारणारी पोरगी शेतकऱ्याच्या घरची हाय का?"

दोन वर्षं सोबत काम करतोय. मी कधी विचारलंच नव्हतं.