एकूण चढ

डोंगरातल्या कुठल्याही अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनहून लांब पल्ल्याच्या, शर्यतीची माहिती उघडा. वर ठळक अक्षरांत अंतर, त्याखाली तितक्याच ठळकपणे ‘एकूण चढ’. उताराचा आकडा मात्र शोधावा लागतो. शर्यत निघते तिथेच संपत असेल तर जेवढा चढ तेवढाच उतार, हे शाळकरी पोरालाही कळतं. पण नाव नोंदवणारा मोठा माणूस चढाचा आकडा बघून घाबरतो आणि उतार फुकटात मिळणार असं धरून चालतो. त्यातून सराव कमी पडला असेल तर विचारायलाच नको. ‘चढावर चालू, उतारावर वेळ भरून काढू’ एवढ्या एका वाक्यावर त्याचा सगळा बेत उभा असतो.

त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे, हीच पंचाईत. खड्या चढावर जवळजवळ सगळेच चालतात. चढ एका मर्यादेपलीकडे गेला की धावण्यापेक्षा चालण्यात कमी शक्ती जाते, म्हणून मुरलेले धावपटूसुद्धा हात मांड्यांवर रेटत, मान खाली घालून एकेक पाऊल टाकत असतात. आपणही त्यांच्याच रांगेत. वर्षभर घाम गाळलेला कोण आणि कारणं सांगत बसलेला कोण, हे लांबून बघणाऱ्याला सांगता यायचं नाही. फारच धाप लागली तर बाजूला उभं राहावं, दोन मिनिटांत श्वास ठिकाणावर येतो. फुफ्फुसं तशी समजूतदार. गयावया केली की ऐकतात.

मांड्या ऐकत नाहीत. उतारावर प्रत्येक पावलाला अख्ख्या शरीराचं वजन झेलून धरण्याचं काम मांडीच्या पुढच्या स्नायूंकडे येतं. ते ताणले जात असतात आणि त्याच वेळी आवळून ब्रेकही लावत असतात. या उलटसुलट कामात स्नायूंच्या तंतूंना बारीक बारीक इजा होत जाते. दम मात्र लागत नाही, त्यामुळे आत काय चाललंय याचा पत्ता लागत नाही. पहिला उतार तर निव्वळ सुख असतो. कानाला वारा लागतो, पाय आपोआप पडतात, दोन-चार जणांना आपण मागे टाकतो आणि उगीच घाबरलो होतो असंही मनात येऊन जातं. (मागे पडलेले ते दोन-चार जण बहुधा अनुभवी असतात.) दुसऱ्या उतारावर मांड्या थरथरायला लागतात. तिसऱ्यावर वाकलेला गुडघा सरळ व्हायचं की नाही याचा विचार करू लागतो, आणि बोटं बुटाच्या टोकाला आपटून नखं काळी पडायला सुरुवात झालेली असते. थांबूनही उपयोग नाही. श्वास परत येतो, मांड्या त्या दिवसापुरत्या परत येत नाहीत. मग कधी एकदा पुन्हा चढ लागतो असं होऊन जातं.

कागदावरच्या गणितानेही आपल्याला फसवलेलं असतं. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली डोंगरातल्या वेळेचा एक ढोबळ नियम दिला: ताशी सुमारे ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. म्हणजे ५० किलोमीटर आणि २४०० मीटर चढ असेल तर दहा अधिक चार, चौदा तास. उतारासाठी त्याने काहीच धरलेलं नव्हतं. पुढे एरिक लँगमुर यांनी त्यात दुरुस्ती केली. उतार सौम्य असेल तर दर ३०० मीटरला १० मिनिटं वजा करा; पण १२ अंशांहून तीव्र असेल तर तेवढीच १० मिनिटं मिळवा. मिळवा! आपण शर्यतीच्या आदल्या रात्री मांडलेल्या हिशेबात हा शब्द कुठेच नसतो.

कॅलिफोर्नियातली १०० मैलांची ‘वेस्टर्न स्टेट्स’ ही नावाजलेली ट्रेल, म्हणजे डोंगरवाटेवरची, शर्यत मूळची घोड्यांची. १९७४ साली गॉर्डी एन्स्ली हा गडी त्या घोड्यांबरोबर पायी धावला आणि २३ तास ४२ मिनिटांत पोचला. तिथे चढ साधारण ५,५०० मीटर आहे आणि उतार ७,००० मीटर. बातमीत, गप्पांत सगळीकडे १०० मैलच येतात. मला विचाराल तर त्या ७,०००चा फलक सुरुवातीच्या रेषेवर लावायला हवा.

शर्यतीत पोट कसं सांभाळायचं, मीठ किती घ्यायचं, हे पुराण वेगळंच आहे, ते इथे नको. पण स्वीपर मंडळींबद्दल बोललं पाहिजे, कारण सराव कमी असलेल्याची शेवटची सोबत त्यांचीच. शर्यतीच्या अगदी शेवटी चालत, वाटेवरच्या खुणेच्या फिती काढत हे लोक येतात. अतिशय गोड बोलतात, अजिबात घाई करत नाहीत, आणि तरीही पाठीमागे फीत सुटल्याचा आवाज आला की कट-ऑफची, म्हणजे जी उलटली की शर्यतीतून बाद त्या मुदतीची, आठवण झाल्याशिवाय राहत नाही. त्यांना ‘तुम्ही व्हा पुढे’ असंही म्हणता येत नाही.

या सगळ्यावर उपाय आहे, आणि तो चिडचिड व्हावी इतका सोपा आहे. एकदा उतारावर मनसोक्त धावून मांड्या दुखवून घेतल्या की पुढचे काही आठवडे तसाच उतार स्नायूंना पुष्कळ कमी इजा करतो. बाकी सराव जमला नाही तरी शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी असा एक लांब उतार पदरात पाडून घेता येतो. आपण नेमका तो सोडून सपाट रस्त्यावर किलोमीटर मोजत बसतो.

आता यातली मेख बघा. शर्यत संपते, पुढचे दोन-तीन दिवस दुखणं वाढतच जातं, कठड्याला धरून जिना उतरावा लागतो. त्यातून बरं होताच मांड्या उतारासाठी तयार असतात, आदल्या कुठल्याही महिन्यात नव्हत्या इतक्या. म्हणजे ही शर्यत धावायला सगळ्यात लायक माणूस कोण, तर नुकताच ती धावून आडवा झालेला. आणि पुढची शर्यत थेट वर्षभराने.