आमची वाटचाल : एलटीओ-५ ते एलटीओ-६

घरचे फोटो-व्हिडिओ एलटीओवर, म्हणजे कॉम्प्युटरचा डेटा साठवायच्या टेपवर, उतरवून देणं हे आमचं काम. एलटीओपुढचा आकडा म्हणजे तिची पिढी. गिऱ्हाईक आधी कॅसेटचा भाव विचारतं. कॅसेट स्वस्तच असते, पैसा जातो ती लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या यंत्रात, म्हणजे ड्राइव्हमध्ये. म्हणून सुरुवात केली डेटा सेंटरमधून निघालेल्या जुन्या एलटीओ-५ वर. टेप लायब्ररीतून, म्हणजे कॅसेटी आपोआप बदलणाऱ्या मोठ्या यंत्रातून, काढलेला ड्राइव्ह सुटा चालेलच असं नाही, हे घेण्याआधी विचारून घ्यावं. ड्राइव्ह कॉम्प्युटरला जोडणारं कार्ड साधं एसएएस एचबीए हवं. अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या रेड (RAID) कार्डावर टेप ड्राइव्ह बऱ्याचदा दिसतच नाही. शिवाय समोर एक पंखा लावायचा, नाहीतर ड्राइव्ह तापतो.

एलटीओ-५ मध्ये १.५ टीबी मावतं. खोक्यावर ३ टीबी छापलेलं असतं, ते २:१ कॉम्प्रेशन, म्हणजे डेटा दाबून निम्मा होईल असं धरून. जेपीईजी आणि एमपी४ आधीच दाबलेले असतात, त्यांच्यापुढे तो आकडा फुकाचा. सेकंदाला १४० एमबीने अख्खी टेप भरायला तीन तास.

खरी गोम या वेगातच आहे. लग्नाचे हजारो फोटो हार्ड डिस्कवरून थेट सोडले की ड्राइव्हला डेटा पुरत नाही. टेप थांबते, थोडी मागे जाते, पुन्हा धावते. हे सतत चाललं की हेड आणि टेप दोन्ही झिजतात, तीन तासांचं काम रात्रभर पुरतं. आता आम्ही १००-१०० जीबीचे टार (अनेक फाइलींचं एकच गाठोडं) वेगवान एसएसडीवर बांधतो, चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे का ते ताडून बघायचा आकडा) काढतो आणि मगच लिहितो. लिनक्सवर ड्राइव्हचं एनएसटी० (nst0) हे नाव वापरायचं. एसटी० (st0) हे नाव वापरलं तर काम संपताच टेप मागे सुरुवातीपर्यंत गुंडाळली जाते आणि पुढचा टार पहिल्याच्या डोक्यावर बसतो. एररही येत नाही!

नंतर एलटीओ-६ घेतला, २.५ टीबीचा. तो एलटीओ-५ वर लिहितो, एलटीओ-४ नुसतं वाचतो, त्यामुळे जुन्या कॅसेटी वाया गेल्या नाहीत. एलटीओ-८ मात्र एलटीओ-७ च्या मागचं वाचतच नाही. घाईने तिकडे उडी मारणाऱ्यांनी जुना ड्राइव्ह भंगारात देऊ नये.

क्लीनिंग कॅसेट ड्राइव्हने मागितली तरच घालायची. उगाच घातली तर हेड घासतं. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात कॅसेटी नुसत्या कपाटात ठेवून चालत नाही. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल, आत आर्द्रतामापक. काटा ५० टक्क्यांच्या खाली हवा. कॅसेटी उभ्या ठेवाव्यात.

बिघडलेल्या ड्राइव्हने लिहिलेली टेप कधीकधी त्याच ड्राइव्हवर बिनतक्रार वाचली जाते. म्हणून प्रत्येक टेप आम्ही दुसऱ्या ड्राइव्हवर वाचून चेकसम जुळवतो. दोन प्रती देतो, त्यातली एक नातेवाइकाकडे ठेवायला. या सगळ्याला दोन दिवस लागतात. 'आजच द्या' म्हणणाऱ्याचं काम आम्ही घेत नाही.