दारातच चुकतं: टोकियो ते क्योटो

जपानमध्ये पहिल्यांदा जाणाऱ्याचं जे काही चुकतं, ते बहुतेक दारातच चुकतं. स्टेशनच्या फाटकात, देवळाच्या कमानीत, घराच्या पायरीशी, न्हाणीघराच्या पडद्याशी. एकदा आत शिरलं की पाट्या असतात, माणसं मदतीला येतात, गाड्या वेळेवर सुटतात. उंबरठ्यावर बसू नये, उंबऱ्यावर उभं राहून देवाणघेवाण करू नये असं आपल्याकडेही सांगतात, फक्त आपण ते आता मनावर घेत नाही. जपानी माणूस दाराच्या चौकटीवर आणि तातामी चटईच्या कापडी काठावर पाय पडू देत नाही. हे एक ध्यानात ठेवलं तर बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

पहिलं दार स्टेशनचं. सुइका किंवा पास्मो हे आगाऊ पैसे भरलेलं प्रवासाचं कार्ड घ्यायचं, आत जाताना टेकवायचं, बाहेर पडताना पुन्हा टेकवायचं. पैसे कमी पडले तर फाटक मिटतं आणि घंटी वाजते. घाबरायचं कारण नाही आणि मागे दंडवाला उभा नसतो. फाटकाच्या आतल्याच बाजूला भाडं पुरं करण्याचं यंत्र असतं, त्यात फरक भरायचा. खरी अडचण बाहेर पडायच्या दाराची आहे. शिंजुकू स्टेशनला दोनशेहून जास्त दारं आहेत. हॉटेल 'शिंजुकूपासून पाच मिनिटं' असतं ते ठरावीक दारापासून, आणि चुकीच्या दारातून बाहेर पडलात तर तीच पाच मिनिटं अर्धा तास होतात. म्हणून पत्त्याबरोबर दाराचं नाव किंवा क्रमांक लिहून घ्यायचा. फाटक ओलांडण्याआधी डोक्यावरच्या पिवळ्या पाट्या वाचायच्या, नंतर नाही. गर्दीत मध्येच थांबून मोबाइल बघणं हा तिथला खरा अपराध.

टोकियो-क्योटो शिंकान्सेनचं (बुलेट ट्रेनचं) कागदी तिकीट म्हणजे मुळात दोन तिकिटं: एक अंतराच्या भाड्याचं, दुसरं जलद गाडीच्या अधिभाराचं आणि आसनाचं. दोन वेगळे कागद हातात आले असतील तर ते एकावर एक ठेवून एकदमच फाटकात घालायचे आणि पलीकडून उचलायचे. एकच घातला तर फाटक उघडत नाही. भाड्याच्या तिकिटावर आरंभ म्हणून एकटं टोकियो स्टेशन नसतं, टोकियोचे २३ वॉर्ड असतात, आणि शेवट क्योटो शहर. म्हणजे शिंजुकूहून टोकियो स्टेशनपर्यंत जेआर या रेल्वेची साधी लोकल याच तिकिटावर चालते. बहुतेक प्रवासी सवयीने तिथे सुइका टेकवतात, जास्तीचं भाडं भरतात, आणि लोकलमधून शिंकान्सेनकडे जायच्या मधल्या फाटकात ती टेकवायला विसरले तर कार्ड 'आतच' अडकतं. मग क्योटोच्या पहिल्या फाटकात ते चालत नाही आणि खिडकीवर जाऊन मोकळं करून घ्यावं लागतं. टोकियोत नुसती सुइका टेकवून थेट क्योटोत बाहेर पडता येत नाही, हेही लक्षात असू द्या. क्योटोत पोहोचल्यावर मात्र तीच सुइका तिथल्या बसला आणि लोकलला चालते.

नोझोमी ही सर्वांत जलद शिंकान्सेन सव्वादोन तासांत पोहोचवते आणि भाडं सुमारे १४,००० येन. सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० वरून एकदम ५०,००० येनवर गेला. त्यामुळे फक्त टोकियो-क्योटो जाऊन येणाऱ्याने तो घेऊ नये, हिशेबच बसत नाही. क्योटोकडे जाताना 'ई' ओळीतली खिडकी मागायची. निघाल्यावर साधारण चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी, आकाश निवळलेलं असेल तर, फुजी त्याच बाजूला दिसतो. बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर डब्यातल्या शेवटच्या रांगेमागची जागा आसनाबरोबरच राखून ठेवावी लागते. नाहीतर १,००० येन पडतात. त्यापेक्षा मोठी बॅग आदल्या दिवशी हॉटेलच्या काउंटरवरून कुरियरने पुढच्या हॉटेलला पाठवणं बरं. टोकियोतून क्योटोत ती साधारण दुसऱ्या दिवशी पोहोचते. एक रात्र पुरेल एवढे कपडे पाठीवर घेतले की झालं.

हात मोकळे असले की त्या भाड्याच्या तिकिटाचा आणखी एक फायदा मिळतो. क्योटोला शहरात बाहेर न पडता मधल्या फाटकातून नारा मार्गाच्या लोकलमध्ये बसायचं. दुसरंच स्टेशन इनारी, आणि तेही 'क्योटो शहरात'च धरलेलं असल्याने वेगळं भाडं नाही. फक्त जलद गाडीत चढू नका, ती इनारीला थांबत नाही. स्टेशनसमोरच फुशिमी इनारीची पहिली लाल कमान.

कमानीला तोरी म्हणतात. तिच्याशी थबकून किंचित वाकायचं आणि मधोमध न चालता कडेने आत जायचं, कारण मधली वाट देवाची. पुढे पाण्याची कुंडी असते. आपण देवळाबाहेर पाय धुतो, इथे हात आणि तोंड. पळी उजव्या हातात घेऊन डावा हात धुवायचा, मग पळी डाव्या हातात घेऊन उजवा. पुन्हा उजव्या हातात घेऊन डाव्या तळव्यावर पाणी ओतायचं आणि त्याने चूळ भरायची. पळीला तोंड लावायचं नाही आणि चूळ कुंडीत नाही, खालच्या खड्यांत टाकायची. पुन्हा डावा हात धुवायचा, आणि शेवटी पळी उभी धरायची म्हणजे उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळून दांडाही धुतला जातो. हे सगळं एकाच पळीभर पाण्यात बसवायचं असतं. पहिल्यांदा बसत नाही, सगळं पाणी डाव्या हातावरच संपतं. कोविडनंतर पुष्कळ ठिकाणी पळ्या गेल्या आणि बांबूच्या नळीतून सतत धार पडते, तिथे सोपं आहे.

गाभाऱ्यापुढे नाणं टाकायचं. पाच येनचं भोकाचं नाणं शुभ, कारण 'गो-एन' या उच्चाराचा दुसरा अर्थ ऋणानुबंध. मग दोनदा वाकणं, दोन टाळ्या, हात जोडून मागणं, एकदा वाकणं. ही शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या, देवस्थानाची रीत. बौद्ध देवळात टाळ्या नाहीत, नुसते हात जोडायचे. दारात तोरी असेल तर टाळ्या, भारी छपराचा दरवाजा आणि धुपाचा वास असेल तर नाही, एवढी खूण पहिल्या प्रवासाला पुरते. टोकियोत एकाच दिवशी दोन्ही बघता येतं. मेइजी देवस्थान १९२० सालचं, आणि त्याभोवतीचं जंगल देशभरातून आलेल्या सुमारे एक लाख झाडांचं, लावलेलं. आत खडीच्या रस्त्यावर करकर पावलं वाजत राहतात आणि बाहेरच्या हाराजुकू भागातली गर्दी दहा मिनिटांत विसरायला होते. असाकुसाचं सेन्सोजी बौद्ध. तिथे १०० येन टाकून डबा हलवायचा, बाहेर आलेल्या काडीवरचा आकडा जपानी लिपीत असतो, तोच असलेला खण उघडून भविष्याचा कागद घ्यायचा. आकडे वाचता येत नसले तरी आकार जुळवता येतो. सेन्सोजीत अशुभ कागद बरेच निघतात. तसा आला तर घरी न्यायचा नाही, शेजारच्या तारेला बांधून यायचं.

फुशिमी इनारीचा डोंगर २३३ मीटर उंच, वर जाऊन यायला दोन ते तीन तास. प्रवेश फुकट आणि रात्रंदिवस खुला, म्हणून सकाळी सातच्या आत जावं. फोटोसाठीची झुंबड पहिल्या दोनशे पावलांतच असते, योत्सुत्सुजीच्या चौकापुढे वाट मोकळी होते. वाटेवर ओळीने उभ्या असलेल्या कमानींवर देणगीदाराचं नाव आणि तारीख मागच्या बाजूला कोरलेली आहे, म्हणजे चढताना नुसता शेंदरी रंग आणि उतरताना अक्षरं. इनारी या भात पिकवणाऱ्या देवाचे आजचे मोठे भक्त म्हणजे दुकानं आणि कंपन्या.

क्योटोत बसला मागच्या दाराने चढायचं आणि पुढच्या दाराने, पैसे टाकून, उतरायचं. शहरात सरसकट २३० येन. पेटी सुटे परत देत नाही. शेजारच्या फटीत हजाराची नोट घालून आधी ती मोडायची आणि मग मोजून टाकायचे. पाच-दहा हजारांची नोट तिथे चालत नाही, आणि बस थांबल्यावर हे सुरू केलं तर मागची सगळी रांग तुमच्याकडे बघत बसते.

आता पायताण. जपानी घराच्या दारात गेनकान नावाची खालची जागा असते. तिला घराच्या आत आलेलं अंगण समजा. बूट तिथे काढायचे, वर पायरी चढायची ती मोज्यांनीच. मोज्यांनी खाली उतरायचं नाही आणि बुटांनी वर चढायचं नाही. बूट वळवून टोकं दाराकडे करून ठेवायचे. लाकडी जमिनीवर सपाता, तातामीवर सपातासुद्धा नाहीत. संडासात वेगळ्या सपाता असतात, त्या तिथेच सोडायच्या. हमखास घसरगुंडी इथेच: माणूस संडासातल्या सपाता घालून थेट तातामीवर येतो आणि घरच्यांना काय बोलावं कळत नाही. क्योटोत दिवसाला चार-पाच वेळा बूट काढावे लागतात. लेसचे बूट आणि भोकं पडलेले मोजे घरीच ठेवा. हिवाळ्यात देवळांच्या फळ्या बर्फासारख्या गार असतात, जाड मोजे लागतात.

निजो किल्ल्याच्या निनोमारू महालात अनवाणी चालण्याचं मोलही कळतं. हा किल्ला तोकुगावा इएयासू या शोगुनने (लष्करी सत्ताधीशाने) १६०३ साली क्योटोतल्या मुक्कामासाठी बांधला. इथल्या ओसरीच्या फळ्या पाऊल पडलं की पाखरासारख्या चिवचिवतात, कारण खालचे लोखंडी आकडे आणि खिळे एकमेकांवर घासतात. मोज्यांनी कितीही हळू चाललं तरी आवाज होतोच.

पहिल्या प्रवासात एकच देऊळ सावकाश बघायचं असेल तर किंकाकुजी सोडा आणि सांजूसांगेंदोला जा, असं मी म्हणेन. किंकाकुजीचा सोनेरी मंडप तळ्यापलीकडून बघायचा असतो. १९५० साली तो जळाला, आजचा १९५५ चा, आणि गर्दी तुम्हाला पंधरा मिनिटांत पुढे ढकलते. सांजूसांगेंदोचं दालन १२६६ सालचं, सुमारे १२० मीटर लांब. आत कान्नोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वराच्या, एक हजार एक मूर्ती, मधली बसलेली आणि बाकी उभ्या. त्यांच्यापुढे अठ्ठावीस रक्षक, आणि मराठी माणसाने रेंगाळावं ते यांच्याजवळ. बोनतेन हा ब्रह्मा, ताइशाकुतेन हा इंद्र, बिशामोनतेन हा वैश्रवण म्हणजे कुबेर, आणि बासरी वाजवणारा कारुरा हा आपला गरुड. पाट्यांवर संस्कृत नावं रोमन लिपीत दिलेली आहेत. फोटो काढायला बंदी आहे, त्यामुळे लोक खरोखर बघतात. नारा शहरात गेलात तर तोदाइजी देवळातला पंधरा मीटरचा बुद्धही याच धाग्यातला: ७५२ साली त्याच्या नेत्रोन्मीलनाला कुंचला धरला होता बोधिसेन या भारतीय भिक्षूने.

जेवणाचं दार शाकाहाऱ्याला जड जातं, आणि अडवणारी गोष्ट दिसत नाही. तिचं नाव दाशी. सुकवलेल्या कात्सुओ माशाच्या किसाचं आणि कोंबू शेवाळाचं हे पाणी मिसो सूपमध्ये, नूडल्सच्या रश्शात, शिजवलेल्या भाज्यांत, अंड्याच्या पोळीतही असतं. 'मांस नको' म्हटलं तर सूपमधले तुकडे निघतील, पाणी तेच राहील. 'कात्सुओ दाशी मो दामे', म्हणजे कात्सुओचं पाणीसुद्धा नको, असं म्हणावं लागतं. जपानी करीत घालायच्या तयार वड्यांतही बहुधा प्राण्याची चरबी असते. खात्रीचा मार्ग म्हणजे देवळांतलं शोजिन र्‍योरी: मासा-मांस नाही, रीतसर केलेलं असेल तर कांदा-लसूणही नाही, आणि दाशी कोंबूची किंवा शिताके अळंबीची. आगाऊ सांगून ठेवावं लागतं. क्योटोतल्या नानझेनजी देवळाच्या आसपास गरम पाण्यातला तोफू मिळतो, पण त्याच्या बुडवायच्या सोयासॉसमध्ये कात्सुओ आहे का ते विचारा.

एक रात्र तरी जुन्या धाटणीच्या जपानी सराईत, म्हणजे र्‍योकानमध्ये काढावी. आहार बुकिंगच्या वेळीच कळवा, संध्याकाळी दारात सांगितलं तर स्वयंपाक झालेला असतो. जेवण सहा-सातला, उशिरा येणाऱ्यासाठी ते थांबत नाही. खोलीत ठेवलेला युकाता, म्हणजे सुती झगा, घालताना उजवी बाजू आधी अंगाशी, डावी वरून. उलटं फक्त प्रेताला नेसवतात. भिंतीतला किंचित उंच कोनाडा, जिथे चित्र किंवा फूल असतं, तो तोकोनोमा. बॅग ठेवायला तो अगदी सोयीचा वाटतो, आणि नेमकी तिथेच ठेवायची नसते.

न्हाणीघरात कपडे सगळे काढायचे. आधी छोट्या स्टुलावर बसून साबणाने अंग घासून धुवायचं, फेस पूर्ण गेला की मगच हौदात उतरायचं. हौद अंग धुवायला नाही, शेकायला आहे. पाणी चाळीस-बेचाळीस अंशांचं असतं, दहा मिनिटांवर बसू नका, उठताना भोवळ येते. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवायचा. केस बांधायचे. गोंदण असेल तर काही ठिकाणी नकार मिळतो, आधी विचारावं. पुरुषांच्या दारावर बहुधा निळा पडदा, बायकांच्या दारावर लाल. पुष्कळ र्‍योकानांत दोन्ही हौदांचा लाभ सगळ्यांना मिळावा म्हणून हे पडदे रात्रीतून अदलाबदल करतात. सकाळी झोपेत, काल इकडेच आलो होतो म्हणून त्याच दारात शिरू नका. पडदा बघा.