प्रुफं तपासायला टॅब घेताना: नवा की रिफर्बिश्ड?

मी मुद्रितशोधनाचं, म्हणजे छपाईआधी पानं तपासून चुका काढायचं काम करते. पूर्वी प्रकाशकाकडून प्रिंटाऊटचा गठ्ठा यायचा, आता व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ येते. दिवाळी अंकांच्या हंगामात रात्री उशिरा फर्मा (एकत्र छापायच्या पानांचा संच) येतो आणि सकाळी तो तपासून परत हवा असतो. लॅपटॉपवर प्रत्येक चुकीपाशी माउस नेऊन कॉमेंटची चौकट उघडायची, हे फार वेळखाऊ काम. अनुस्वार उडालाय हे कागदावर एका टिंबात सांगता येतं. कॉमेंटमध्ये अख्खा शब्द टाइप करावा लागतो आणि डीटीपी करणाऱ्याला तो शब्द पानावर शोधावा लागतो. समासात खूण करण्याची आपली जुनी पद्धत उगाच टिकलेली नाही. म्हणून मागच्या दिवाळीची कामं हातावेगळी झाल्यावर पेनाने लिहिता येईल असा टॅब घ्यायचा, हे नक्की केलं.

टॅब घ्यायचं म्हटलं की लोक रॅम, प्रोसेसर आणि कॅमेरा सांगायला लागतात. मला पहिला प्रश्न पडला तो पानाच्या आकाराचा. माझी बहुतेक पुस्तकं डेमी १/८ आकाराची, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. पान खऱ्या आकारात दिसलं तर डोळा नेहमीच्या सवयीने ओळीवरून फिरतो. ते झूम करून डावी-उजवीकडे सरकवावं लागलं की ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द आणि दोनदा पडलेली अक्षरं हमखास निसटतात. टॅबचा आकार कर्णात सांगतात, त्यामुळे फसगत होते. १०.९ इंची आयपॅडचा पडदा मोजला तर जवळजवळ ६.२ बाय ८.९ इंच भरतो. डेमीचं पान त्यात जसंच्या तसं बसतं आणि बाजूला खुणांपुरती जागाही उरते. बहुतेक अँड्रॉइड टॅब सिनेमा पाहायला सोयीचे, लांबट असतात. सॅमसंगचा १०.४ इंची टॅब एस६ लाइट उभा धरला तर रुंदी साडेपाच इंचांच्या आतच राहते. पान किंचित लहान होऊन बसतं, पण समास उरत नाही. आठ-साडेआठ इंचांचे टॅब मी विचारातच घेतले नाहीत.

दुसरी गोष्ट दुकानात पेन हातात घेतल्याशिवाय कळत नाही. साध्या आयपॅडमध्ये, म्हणजे नवव्या, दहाव्या आणि २०२५ साली आलेल्या ए१६ चिपच्या मॉडेलमध्येही, वरची काच आणि खालचा डिस्प्ले यांच्यात बारीक फट असते. पेनाचं टोक काचेवर टेकतं आणि रेघ त्याच्या जरा खाली उमटल्यासारखी दिसते. चित्र काढणारा किंवा वर्गात टिपणं घेणारा तिकडे लक्षही देणार नाही. पण आठ पॉइंटातल्या तळटिपेत ‘कि’ची ‘की’ करताना, रफार नेमक्या अक्षरावर चढवताना, ती फट मला सतत जाणवत होती. आयपॅड एअरमध्ये काच आणि डिस्प्ले एकमेकांना चिकटवलेले असतात. तिथे शाई टोकातूनच उतरते. दोन्ही शेजारी ठेवून मी दुकानातल्या टॅबवर ‘पुनर्मुद्रण’ हा शब्द बारीक अक्षरात लिहून पाहिला आणि माझ्या कामाला एअरच हवा हे ठरलं.

आता पैशांचं गणित. मी पाहिलं तेव्हा ए१६चा साधा आयपॅड नवा ३४,९०० रुपयांपासून होता, त्याचं पेन म्हणजे यूएसबी-सी पेन्सिल ७,९०० रुपयांना; म्हणजे ४२,८०० रुपये आणि फट कायम. नवा ११ इंची एअर तेव्हा ५९,९०० रुपये होता, पेन्सिल वेगळी. पानामागे पैसे मिळवणाऱ्या माणसाला हा आकडा जड आहे. मधली वाट एकच होती: २०२२ सालचा, एम१ चिपचा पाचव्या पिढीचा एअर. तो नवा ५४,९०० रुपयांना आला होता. रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला आणि तपासून पुन्हा विकायला ठेवलेला, मात्र तीस हजारांच्या घरात दिसत होता. नव्या खालच्या मॉडेलच्या पैशात जुनं वरचं मॉडेल, ही तुलना आपल्याकडे फार कमी लोक करतात. ‘नवं ते चांगलं’ असं धरून चालतात आणि रोज ज्या काचेवर काम करायचं, तीच हलकी घेतात.

पेन्सिलीतही पैसे वाचले. यूएसबी-सी पेन्सिल दाब ओळखत नाही, म्हणून चित्रकार ती घेऊ नका म्हणतात. पण प्रुफातली रेघ जाड-बारीक व्हायची काहीच गरज नाही. मला हात टेकून लिहिता यायला हवं होतं आणि ते तिच्यात येतं. दुसऱ्या पिढीची पेन्सिल ११,९०० रुपयांना होती. तो फरक मी खिशात ठेवला. पेन्सिल मात्र नवीच घेतली. टॅबची बॅटरी तपासता येते. वापरलेल्या पेन्सिलीच्या आत काय उरलंय हे बाहेरून कळायला मार्ग नाही.

रिफर्बिश्ड म्हणजे काय, हे समजून घ्यायला मला बराच वेळ द्यावा लागला. अ‍ॅपल काही देशांत स्वतः तपासून, नवी बॅटरी आणि नवं कवच घालून आयपॅड पुन्हा विकतं. भारतात त्यांची अशी विक्री नाही. इथे मिळतो तो कुणीतरी वापरलेला आणि विक्रेत्याने पुसून-तपासून ठेवलेला माल. ‘उत्तम’, ‘चांगला’, ‘ठीक’ अशा ज्या श्रेणी लावलेल्या असतात, त्या बहुतेक ओरखड्यांवरून ठरतात. आत काय बदललंय ते श्रेणी सांगत नाही. म्हणून मी ऑनलाइन न मागवता पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून हिंडायचं ठरवलं. वस्तू हातात घेऊन, उलटीपालटी करून पाहायची होती.

आमच्या डीटीपी करणाऱ्या सचिनने जाण्याआधीच बजावलं होतं, “ताई, आधी लॉक बघा, ओरखडे नंतर.” त्याचं म्हणणं शब्दशः खरं निघालं. एका दुकानात अगदी कोरा दिसणारा एअर चांगल्या भावात मिळत होता. सुरू केलेला होता, सगळं चालत होतं. मी म्हटलं, “अहो, हा माझ्यासमोर पूर्ण पुसा आणि वायफायवर नव्याने सुरू करा.” दुकानदार जरा कुरकुरला, पण त्याने केलं. भाषा आणि देश निवडून झाला, वायफाय जोडलं आणि पडद्यावर ‘रिमोट मॅनेजमेंट’ असं पान आलं. म्हणजे तो टॅब कुठल्यातरी संस्थेच्या यादीत अजून होता. कंपन्या आणि शिकवणीवाले असे टॅब घाऊक घेतात, दूरून ताब्यात ठेवतात आणि यादीतून नाव न काढताच ते भंगारात किंवा बाजारात येतात. हे लॉक कितीही वेळा पुसलं तरी परत येतं; ज्या संस्थेने लावलं तिनेच काढावं लागतं. मी तो तिथेच ठेवला. सुरू असलेल्या टॅबच्या सेटिंगमध्ये अगदी वर ‘हा आयपॅड अमुक संस्थेच्या देखरेखीखाली आहे’ अशी ओळ कधीकधी दिसते, पण तेवढ्यावर विसंबू नये. माझ्या मते समोर पुसून नव्याने सुरू करून दाखवायला जो तयार नाही, त्याच्याकडून फुकटसुद्धा टॅब घेऊ नये.

दुसरं लॉक आधीच्या मालकाच्या खात्याचं. ‘फाइंड माय’ (हरवलेला टॅब शोधायची सोय) सुरू राहिलं असेल तर पुसताना पासवर्ड मागतो. तो दुकानदाराकडे नसला की विषय संपला.

जो घेतला, तो पुढच्याच गल्लीत मिळाला. पुसून नव्याने सुरू केला, कुठलंही पान आडवं आलं नाही. मग सेटिंगमध्ये ‘अबाउट’मध्ये जाऊन मॉडेल क्रमांक पाहिला. त्याचं पहिलं अक्षर बोलकं असतं: ‘एम’ म्हणजे नवा म्हणून विकलेला, ‘एफ’ म्हणजे अ‍ॅपलने स्वतः रिफर्बिश केलेला, ‘एन’ म्हणजे दुरुस्तीच्या बदल्यात दिलेला. शेवटी ‘एचएन/ए’ असेल तर तो भारतात विकण्यासाठी बनलेला. माझा ‘एम’ने सुरू होऊन ‘एचएन/ए’ने संपत होता. सिरियल क्रमांक अ‍ॅपलच्या साइटवर टाकला, तिथेही तेच मॉडेल निघालं. सिम घालायचं मॉडेल असतं तर त्याचा आयएमईआय (मोबाइलसारखा ओळख क्रमांक) ‘संचार साथी’ या सरकारी साइटवरही तपासता आला असता, वायफायच्या मॉडेलला आयएमईआय नसतो.

मग पडदा. पांढरं कोरं पान उघडून उजेड पूर्ण वाढवला आणि कडेला पिवळट डाग किंवा दाबल्याचे ठिपके आहेत का ते पाहिलं. मग काळं पान. मग पेनाने एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात अगदी सावकाश तिरक्या रेघा ओढल्या. हळू ओढलेली रेघ कुठे थरथरली किंवा तुटली की तिथला स्पर्श कमजोर आहे असं समजावं. दुकानाच्या काचेच्या काउंटरवर पालथा ठेवून कोपरे दाबून पाहिले, कारण हे टॅब पातळ असतात आणि पिशवीत वाकतात. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ‘ट्रू टोन’ (आसपासच्या उजेडाप्रमाणे पडद्याचा रंग जुळवणारी सोय) दिसतंय का हेही पाहिलं. पडदा बाहेरून बदललेला असला की तो पर्याय बरेचदा गायब होतो.

बॅटरीची तब्येत आयपॅड २०२४ पासूनच्या काही मॉडेलमध्येच स्वतः दाखवतो, माझ्या मॉडेलमध्ये नाही. पण मॅकला जोडून ‘कोकोनटबॅटरी’ नावाच्या प्रोग्रॅममध्ये ती पाहता येते. सचिनचा लॅपटॉप मी बरोबरच नेला होता. मूळ क्षमतेच्या ८८ टक्के आणि ३०० च्या आसपास चार्ज-फेऱ्या. आयपॅडची बॅटरी १,००० पूर्ण फेऱ्यांनंतरही ८० टक्क्यांपर्यंत क्षमता टिकवेल अशी बनवलेली असते, हे अ‍ॅपल स्वतःच सांगतं. तेव्हा अजून बरंच आयुष्य बाकी होतं. हा आकडा महत्त्वाचा, कारण आयपॅडची बॅटरी आत चिकटवलेली असते आणि ती बदलणं मोबाइलइतकं सोपं नाही.

किती जुना घ्यायचा याचं उत्तर नुसतं साल पाहून मिळत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात आयपॅडओएस २६ ही आयपॅडची नवी प्रणाली आली, तिच्यातून २०१९ चा सातव्या पिढीचा आयपॅड वगळला गेला. त्याच २०१९ सालच्या तिसऱ्या पिढीच्या एअरला मात्र ती मिळाली. फरक चिपचा: एकात ए१०, दुसऱ्यात ए१२. म्हणून साल विचारताना चिपही विचारावी. एम१ त्या रांगेत बराच मागे उभा आहे, त्याचा नंबर इतक्यात लागणार नाही.

एअर ३१ हजारांत ठरला. बिलावर सिरियल क्रमांक लिहून घेतला आणि सहा महिन्यांच्या हमीत बॅटरी व पडदा दोन्ही धरलेत हेही लिहायला लावलं. “मॅडम, आमचा शब्द आहे,” असं ते म्हणाले, मी म्हटलं, “शब्द आहेच, तो कागदावर उतरवा.” वापरलेली वस्तू घेताना बिल हाच तुमचा मालकीचा पुरावा असतो. बिल नको असेल तर पाचशे-हजार कमी करतो म्हणणारे भेटतात, त्यांच्याकडे वळूच नये.

त्याच सुमारास सासऱ्यांनाही टॅब हवा होता, सकाळी ई-पेपर वाचायला आणि कीर्तनं ऐकायला. त्यांच्यासाठी मी रिफर्बिश्ड पाहिलाच नाही. स्वस्त अँड्रॉइड टॅबचे अपडेट लवकर थांबतात. तीन वर्षांचा जुना घेतला तर बँकेची अ‍ॅप कधी नकार देतील सांगता येत नाही, आणि नव्या-जुन्यात वाचतात ते दोन-तीन हजार. तिथे वर्षभराची कंपनीची हमी असलेला नवाच बरा. पेनाची गरज नाही, महागडा पडदा नको, अशा माणसाला रिफर्बिश्ड घ्या म्हणणं मला पटत नाही.

आता कामाबद्दल. युनिकोड नसलेल्या जुन्या श्रीलिपी फाँटमधली पीडीएफ असली की अक्षरं कॉपी केल्यावर भलतीच उमटतात, मराठीत शोध चालत नाही. पेनाला त्याने काहीच अडत नाही. अक्षरांच्या चुका लाल रंगात, लेखकाला विचारायच्या शंका निळ्यात, हा कागदावरचाच नेम ठेवलाय. एक अडचण मात्र सुरुवातीलाच आली: पाठवलेल्या फर्म्यातल्या खुणा सचिनला दिसायच्या, पण प्रकाशकांच्या मोबाइलवर पान कोरंच दिसायचं. खुणा पीडीएफवर वेगळ्या थरात राहतात आणि काही व्ह्यूअर तो थर दाखवत नाहीत. उपाय सोपा आहे. फाइल पाठवण्याआधी ‘प्रिंट’ म्हणायचं आणि प्रिंटर न निवडता तिथूनच ती पीडीएफ म्हणून शेअर करायची. खुणा पानात पक्क्या होतात, कुठल्याही मोबाइलवर दिसतात. खुणांची मूळ फाइल माझ्याकडे वेगळी ठेवते, कारण दुसरं प्रूफ आलं की पहिल्यातली प्रत्येक दुरुस्ती लागली की नाही हे तिच्याशीच ताडून पाहावं लागतं.