तुम्ही विचारलंत म्हणून: बेट्टाची पिल्लं पहिल्या आठवड्यातच का जातात?

"नर-मादीचं जमलं, अंडी झाली, पिल्लंही फुटली. पण आठवड्याभरात टँक रिकामा. चुकलं कुठे?" बेट्टा म्हणजेच फायटर मासा पाळणाऱ्यांकडून मला सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच. सोबत नराने पाण्यावर बांधलेल्या बुडबुड्यांच्या घरट्याचा फोटो असतो, पाण्याचा पीएच लिहिलेला असतो, हिटर किती वॉटचा तेही असतं. पिल्लांना काय खायला घातलं, हे मात्र मलाच विचारावं लागतं. उत्तर बहुतेकदा उकडलेल्या अंड्याचा बलक किंवा कुस्करलेलं कोरडं खाद्य असं येतं.

पिल्लं तिथेच जातात. म्हणून माझं सांगणं एकच आहे: नर घरटं बांधायला लागला म्हणून जोडी लावू नका, पिल्लांचं जिवंत खाद्य हाताशी तयार असेल तेव्हा लावा. नर तर आठवड्यातून दोनदा घरटं बांधेल.

कारण साधं आहे. अंडी २७-२८ अंशांना साधारण दीड दिवसात फुटतात. पिल्लू तेव्हा जेमतेम २-३ मिमीचं असतं, शेपूट खाली सोडून घरट्याला लटकतं आणि पोटाला चिकटलेल्या पिवळ्या पिशवीवर जगतं. ही शिदोरी दोन-तीन दिवस पुरते. ती संपते तसं पिल्लू आडवं होऊन पोहायला लागतं आणि त्या क्षणापासून त्याला शिकार हवी असते. ते डोळ्यांनी शिकार करतं: समोर काहीतरी हललं की अंगाचा इंग्रजी 'एस' करून थबकतं आणि झडप घालतं. बलकाचे कण हलत नाहीत, त्यामुळे त्याच्या लेखी ते खाद्यच नसतं. बलक तळाशी बसतो, कुजतो आणि पाण्यात अमोनिया सोडतो. म्हणजे पिल्लं एकाच वेळी उपाशीही राहतात आणि विषातही पोहतात. दोन दिवस सगळं ठीक दिसतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोजायला गेलं तर निम्मीसुद्धा सापडत नाहीत. मेलेलं पिल्लू इतकं लहान असतं की ते विरघळून जातं, म्हणून मरताना कुणी दिसतही नाही.

तेव्हा कामाला सुरुवात उलटीकडून करायची. जोडी लावण्याच्या चार आठवडे आधी व्हिनेगर ईलचं, म्हणजे व्हिनेगरमध्ये वाढणाऱ्या इवल्या किड्यांचं, कल्चर लावा. अ‍ॅपल सायडर व्हिनेगर आणि क्लोरीन नसलेलं पाणी समप्रमाणात, त्यात सफरचंदाची एक फोड आणि कुणाकडून तरी आणलेलं थोडं मूळ कल्चर. बाटलीच्या तोंडाला कापड बांधा, हवा खेळती राहिली पाहिजे. याला वाढायला वेळ लागतो, पण एकदा दाट झालं की महिनोन्‌महिने टिकतं आणि लक्षही फारसं मागत नाही. काढण्याची पद्धत मात्र शिकून घ्या, कारण व्हिनेगरसकट टँकमध्ये ओतणं पिल्लांच्या जिवावर बेतेल. लांब मानेची बाटली घ्या, मानेच्या बुडापर्यंत कल्चर भरा, त्यावर फिल्टरच्या कापसाचा बोळा असा बसवा की तो व्हिनेगरला टेकेल, आणि बोळ्यावर मानेत साधं पाणी घाला. खालच्या ईलना हवेकडे यायचं असतं. त्या कापसातून वर चढतात आणि १२ ते २४ तासांत वरच्या स्वच्छ पाण्यात जमतात. बाटली उजेडासमोर धरली की मानेतलं पाणी वळवळताना दिसतं. ते ड्रॉपरने उचलायचं. व्हिनेगर ईल गोड्या पाण्यात दिवसेंदिवस जिवंत राहतात आणि तळाशी न बसता पाण्यात सगळीकडे पोहतात, म्हणून पहिल्या आठवड्यासाठी माझी पहिली पसंती त्यांनाच आहे. रात्री पिल्लाला भूक लागली तरी समोर काहीतरी हलत असतं.

मायक्रोवर्म हे दुसरे बारीक किडे, ते आठवड्याभरात तयार होतात. शिजवून गार केलेल्या ओट्सचा बोटभर जाड थर पसरट डब्यात, वर चिमूटभर कोरडं यीस्ट आणि चमचाभर मूळ कल्चर. झाकणाला बारीक भोकं पाडा. तीन-चार दिवसांत किडे डब्याच्या भिंतीवर चढतात, तिथून इअरबडने पुसून घ्यायचे. खालचा लगदा टँकमध्ये जाऊ देऊ नका. वास आंबटाचा कुजका झाला की नवा डबा लावा. दोन डबे आठवड्याच्या अंतराने चालू ठेवलेले बरे. मायक्रोवर्म तळाशी बसतात हा त्यांचा दोष. महिनाभर फक्त त्यांच्यावर वाढवलेल्या पिल्लांच्या पोटाखालचे दोन लांब पर नीट फुटत नाहीत, असं अनेक ब्रीडर मानतात. दोष किड्यांचा की तळाशी साचलेल्या घाणीचा, यावर वाद आहे. दोन्ही शक्यतांवर उपाय मात्र एकच: त्यांचा वापर जोडीला करा, एकट्याने नको.

इन्फुसोरियासाठी, म्हणजे पाण्यातल्या सूक्ष्म जीवांसाठी, जुन्या टँकचं पाणी आणि पाणवनस्पतींची सडकी पानं एका बरणीत घालून उजेडात ठेवा. दोन दिवसांत पाणी दुधाळ होईल. ते बॅक्टेरिया. ते पाणी घालायची घाई करू नका. पाच-सहा दिवसांनी ते पुन्हा निवळायला लागतं, कारण बॅक्टेरिया खाणारे सूक्ष्म जीव आता वाढलेले असतात. वापरायची वेळ ही.

आता टँक. ६० बाय ३० सेंमी तळाचा टँक घ्या आणि त्यात पाणी फक्त १२ सेंमी ठेवा. ते साधारण २१-२२ लिटर भरतं. पाणी उथळ अशासाठी की घरट्यातून गळून पडणारं पिल्लू नराला लगेच सापडतं, आणि अशक्त पिल्लालाही वर यायला थोडंच अंतर असतं. तळाला खडी नको. खडीत अंडी हरवतात, उरलेलं अन्न लपतं. हिटर २७-२८ अंशांवर. जावा मॉसचा एक भरघोस गोळा आणि देशी बदामाचं एक वाळलेलं पान. स्पंज फिल्टर आधीच चालू असलेल्या दुसऱ्या टँकमध्ये चार-पाच आठवडे मुरवलेला हवा. कोरा स्पंज अमोनिया खात नाही. त्याचे बॅक्टेरिया वाढायला महिना लागतो आणि पिल्लांकडे तेवढा वेळ नसतो. मुरलेल्या स्पंजवर सूक्ष्म जीवही असतात, पिल्लं त्याच्या अंगावर चरत राहतात. घरटं असेपर्यंत फिल्टरची हवा बंद ठेवायची. पिल्लं पोहायला लागली की सेकंदाला एखाद-दोन बुडबुडे, त्याहून जास्त नाही.

पीएचबद्दल लोक फार चिंता करतात. ६.५ ते ७.५ मध्ये स्थिर असला की पुरे. पण तो ८ च्या आसपास असेल तर अमोनियाकडे दुप्पट लक्ष द्या. पीएच ७ वरून ८ वर गेला की त्याच अमोनियाचा विषारी भाग जवळपास दहापट होतो. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले पाहिजेत, 'थोडासाच आहे' चालत नाही.

जोडीची निवड आणि मिलन यावर थोडक्यात, कारण बेट्टा हे काम स्वतःच उत्तम करतात. दोन्ही मासे चार महिने ते वर्षभराच्या आतले, निरोगी. दहा ते चौदा दिवस वेगवेगळे ठेवून डासांच्या अळ्या, डॅफ्निया, आर्टेमिया (हे दोन्ही पाण्यातले इवले कवचधारी जीव) असं जिवंत खाद्य भरपूर द्या. मादी तयार झाली की तिचं पोट भरतं, पोटाखाली अंडनलिकेचा पांढरा ठिपका दिसतो आणि नर समोर येताच अंगावर उभे पट्टे उमटतात. पट्टे आडवे असतील तर ती घाबरलेली आहे, थांबा. नराला आधी टँकमध्ये सोडा, मादी कंदिलाच्या पारदर्शक काचेच्या चिमणीत किंवा बूड कापलेल्या बाटलीत ठेवा. घरटं झालं आणि मादी डोकं खाली करून त्याच्याकडे तोंड करायला लागली की तिला मोकळं करा. पाठलाग होणार, परांच्या थोड्या चिंध्याही होणार. मादी सतत कोपऱ्यात दडून राहिली किंवा अंगावर जखमा दिसल्या तर बाहेर काढा आणि आठवड्याने पुन्हा बघा. जुळलं तर नर मादीला मिठीत वळसा घालतो, अंडी थोडी-थोडी गळतात आणि नर ती तोंडाने उचलून घरट्यात लावतो. हे काही तास चालतं. शंभर ते तीनशे अंडी ही नेहमीची संख्या, कधी त्याहूनही जास्त. मादी घरट्यापासून दूर राहायला लागली आणि नर तिला हाकलू लागला की तिला लगेच काढा.

नराला खायला देऊ नका आणि टँकवर सारखं वाकू नका. बिचकलेला नर अंडी खातो. रात्री खोलीत मंद दिवा राहू द्या, म्हणजे घरट्यातून निसटलेलं पिल्लू त्याला दिसेल. पांढरी, केसाळ झालेली अंडी फळलेली नसतात आणि नर ती खाऊन टाकतो. ती त्याची स्वच्छता आहे. बहुतेक पिल्लं आडवी पोहू लागली, की त्याच दिवशी नर बाहेर.

पहिले तीन-चार दिवस व्हिनेगर ईल आणि इन्फुसोरिया, दिवसातून तीनदा. मग आर्टेमिया सुरू करा. एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा, एक ग्रॅम आर्टेमियाची अंडी. तापमान २७-२८, वर दिवा, खालून एअर पंपची जोरदार हवा. चोवीस तासांनी हवा बंद करून दहा मिनिटं थांबा आणि एका बाजूला टॉर्च धरा. रिकामी कवचं वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाशी बसतात, जिवंत नारिंगी पिल्लं उजेडाच्या बाजूला गोळा होतात. नळीने तेवढीच खेचून दाट विणीच्या कापडात गाळा, साध्या पाण्याने धुवा, मग घाला. कवचं टँकमध्ये गेली तर बेट्टाची पिल्लं ती गिळतात आणि त्यांचं पोट तुंबतं. ताजी फुटलेली आर्टेमियाच द्या. पोटातली पिवळी चरबी काही तासांत संपते आणि मग ती नुसती हलणारी पोकळी उरते. गोड्या पाण्यात ती काही तासांनी मरते, म्हणून घालायची ती कमी आणि वारंवार. पिल्लांना मिळाली की नाही हे कळायला भिंग लागत नाही. अर्ध्या तासाने बाजूने टॉर्च मारा. पारदर्शक अंगात नारिंगी ठिपक्यासारखं पोट दिसलं तर ते जेवलं. ज्यांची पोटं रिकामी दिसतात, त्यांच्यासाठी व्हिनेगर ईल आणखी काही दिवस चालू ठेवा, कारण एकाच घरट्यातली सगळी पिल्लं सारखी वाढत नाहीत.

पाणी बदलण्याबाबत दोन टोकं दिसतात. काही जण पिल्लांना त्रास नको म्हणून दोन आठवडे हातच लावत नाहीत, काही जण एकदम निम्मं पाणी काढतात. दोन्हींत पिल्लं मरतात. एअर पंपची बारीक नळी घ्या, तिच्या टोकाला एक काडी बांधा म्हणजे ती हवी तिथे धरता येईल, आणि तळावरची घाण ओढत रोज दोन लिटर पाणी पांढऱ्या भांड्यात काढा. पांढऱ्या भांड्यात चुकून आलेली पिल्लं दिसतात, ती ड्रॉपरने परत सोडता येतात. नवं पाणी त्याच तापमानाचं, क्लोरीन काढलेलं, आणि थेंबाथेंबाने. दुसऱ्या आठवड्यापासून काढता त्यापेक्षा थोडं जास्त भरा, म्हणजे पातळी दिवसाला एखादा सेंटिमीटर चढते आणि महिन्याच्या आतच टँक भरतो.

झाकण कधीच उघडं ठेवू नका. बेट्टा कल्ल्यांखेरीज डोक्यातल्या लॅबिरिंथ अवयवानेही हवेतून श्वास घेतो. तो अवयव पिल्लात तयार होतो सुमारे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. त्या काळात पाण्यावरची हवा पाण्याइतकीच उबदार आणि दमट हवी. पृष्ठभागावर तेलकट तवंग दिसला तर टिश्यू पेपर हलकेच टेकवून तो उचला. तवंग म्हणजे अन्न जास्त होतंय याची खूणही आहे.

व्हेल्वेट हा पिल्लांचा सर्वांत मोठा रोग आणि तो बहुधा आई-बापाकडूनच येतो. जोडी लावण्याआधी अंधारात दोघांवर टॉर्च तिरका मारा. अंगावर सोनेरी पूड भुरभुरल्यासारखी दिसली किंवा पर अंगाला चिकटवून धरलेले असले तर बेत रद्द करा. या रोगावरचं तांबंयुक्त औषध मोठा मासा सोसतो, पण इवल्या पिल्लांना ते सहज जास्त होतं. म्हणूनच नवा आणलेला मासा दोन-तीन आठवडे वेगळा ठेवल्याशिवाय जोडीला लावू नये.

महिन्याभराने आकारात फरक पडतो आणि मोठी पिल्लं लहानांना गिळू लागतात, तेव्हा दोन गट करा. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून बारीक दाणेदार खाद्य जिवंत खाद्याच्या आधी, भूक असताना द्या, म्हणजे पिल्लं ते खायला शिकतात. आठ ते बारा आठवड्यांत नर एकमेकांवर कल्ले फुलवायला लागतात. नुसतं फुलवणं ठीक. पर फाटलेले दिसले की भांडखोर नर वेगळे करायचे, प्रत्येकाला स्वतंत्र झाकणाची बरणी आणि दर एक-दोन दिवसांनी पाणीबदल. शंभर पिल्लं जगली तर त्यांत चाळीस-पन्नास नर असू शकतात. तेवढ्या बरण्या, तेवढी उबदार जागा आणि पुढे ते मासे घेणारी माणसं आहेत का, हे मूळ कल्चर आणायच्या आधीच बघा. नसतील तर घरट्यातली थोडीच अंडी ठेवून बाकीची काढून टाकणं मला जास्त दयाळूपणाचं वाटतं, आणि ते अंडी फुटायच्या आत, पहिल्याच दिवशी करायचं.