ॲव्हिमोर ते लॉख गार्टन: जंगल परत येतंय ते ग्रॅव्हल बाईकवरून बघा

स्कॉटलंडमधे सायकलिंग म्हटलं की लोक पहिलं नाव घेतात नॉर्थ कोस्ट 500 चं, म्हणजे उत्तरेच्या किनाऱ्याने जाणारा 500 मैलांचा रस्ता. रस्ता सुंदरच आहे पण उन्हाळ्यात तिथे कॅम्परव्हॅनची रांग लागते आणि एकेरी रस्त्यावर आपला निम्मा वेळ बाजूला थांबण्यात जातो. मला कोणी विचारलं तर मी सरळ सांगते, डांबर सोडा आणि ग्रॅव्हल बाईक, म्हणजे कच्च्या वाटांसाठीची जाड टायरची सायकल, घेऊन केअरनगॉर्म्समधे या. एडिनबराहून ट्रेनने तीन तासांच्या आसपास ॲव्हिमोर, स्टेशनवरून बाहेर पडलं की पंधरा-वीस मिनिटांत तुम्ही पाइनच्या जंगलात.

केअरनगॉर्म्स हे ब्रिटनमधलं सगळ्यात मोठं नॅशनल पार्क, 2003 मधे झालेलं, साडेचार हजार चौरस किलोमीटरचं. इथला सगळ्यात उंच डोंगर बेन मकडुई 1309 मीटर, म्हणजे आपलं कळसूबाई त्याच्यापेक्षा तीनशे मीटरच्या वर उंच. पण 57 अंश उत्तरेला असल्यामुळे इथे सहाशे-साडेसहाशे मीटरलाच झाडं संपतात आणि वरती उघडं, वाऱ्याचं, जून उजाडला तरी कुठे कुठे बर्फ धरून बसलेलं पठार. आपल्याला सायकलने त्या पठारावर जायचंच नाहीये, आपण खालच्या जंगलातून फिरायचं.

माझा आवडता लूप असा (लॉख म्हणजे तळं): ॲव्हिमोर, लॉख अन एलन, रॉथिमर्कसचं जंगल, लॉख मॉर्लिख, रायव्होअनची खिंड, मग उतरून ॲबरनेथीचं जंगल, लॉख गार्टन, बोट ऑफ गार्टन हे गाव आणि तिथून स्पेसाइड वे नावाच्या वाटेने परत. चाळीस-पन्नास किलोमीटर होतात, चढ फार नाही, पण सगळा दिवस हातात ठेवा. टायर 40 ते 45 मिलिमीटरचे असावेत आणि शक्यतो ट्यूबलेस, हवा जरा कमीच ठेवा, मी तिशीच्या आसपास पीएसआय ठेवते, कारण झाडांची मुळं आणि सुटे दगड दोन्ही आहेत. पाणी वळवायला रस्त्यात जागोजागी आडव्या दगडी चरी काढल्यात, त्यांच्यावर कडक टायर बसला तर रिमला बसतं. माउंटन बाईकने पण होतं हे सगळं, पण मधले लांब गुळगुळीत पट्टे ग्रॅव्हल बाईकवरच मजा देतात.

लॉख अन एलनमधल्या एका छोट्या बेटावर पडका किल्ला आहे, मध्ययुगातला, भिंती थेट पाण्यातून वर आलेल्या. सकाळी लवकर पोचलात तर तळ्याभोवतीची वाट तुमच्या एकटीची असते, उशीर झाला की चालणारे लोक, लहान मुलं, कुत्री, मग हळू जायचं आणि घंटी वाजवायची. इथले पाइन बघाच. आपण ख्रिसमस कार्डवर बघतो तसले त्रिकोणी नाहीत हे, वाकडेतिकडे पसरलेले, वरची साल नारिंगी, काही झाडं दोनशे-तीनशे वर्षांची. खाली हेदर आणि ब्लेबेरीची झुडपं, आणि वाटेच्या कडेला पाइनच्या सुयांचे गुडघ्याएवढे ढीग दिसतील, ती मुंग्यांची वारुळं, त्याला टेकून सायकल उभी करू नका.

हे जे उरलंय ते जुन्या कॅलेडोनियन जंगलाचा अगदी छोटा तुकडा आहे, मूळ जंगलाचा एखादा टक्का. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इथली झाडं तोडून ओंडके ओढ्यात सोडायचे, तळ्यांना बांध घालून पाणी अडवायचे आणि एकदम सोडायचे, की ओंडके वाहत वाहत स्पे नदीत आणि तिथून खाली समुद्राजवळ किंग्स्टनला, जिथे जहाजं बांधली जायची. पुढे दोन्ही महायुद्धांत परत तोड झाली, तीही थेट कॅनडाहून लाकूडतोड्यांच्या पलटणी आणून. आपण ज्या रुंद मातीच्या वाटांवरून चालवतो त्यातल्या बऱ्याचशा लाकूड ओढायच्याच वाटा, ग्लेनमोरकडे जाणाऱ्या एका वाटेचं तर नावच ओल्ड लॉगिंग वे आहे. मला हे माहीत नव्हतं तेव्हाही राइड आवडायची, पण कळल्यापासून प्रत्येक वळणावर नजर झाडांच्या वयाकडे जाते.

आता गेटबद्दल. रॉथिमर्कस ही खाजगी इस्टेट आहे, तरी तुम्हाला कोणी अडवत नाही, परमिट नाही, तिकीट नाही. 2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने स्कॉटलंडमधे बहुतेक सगळ्या जमिनीवर आणि पाण्यावर पायी, सायकलने, घोड्यावरून जायचा हक्क दिलाय, मालक कोणीही असो. इंग्लंडमधे असं नाही, तिथे ठरलेल्या वाटांवरूनच सायकल नेता येते. अट एकच, जबाबदारीने वागायचं: गेट जसं असेल तसं ठेवायचं, शेतातून पीक तुडवत जायचं नाही, शरद ऋतूत हरणांची शिकार चालू असते तेव्हा बोर्ड वाचून दुसरी वाट धरायची. सह्याद्रीत फॉरेस्टच्या नाक्यावर परवानगीसाठी तासतास थांबलेल्या माणसाला हा केवढा मोठा विश्वास वाटतो ते सांगता येत नाही, आणि म्हणूनच आपल्या मराठी ग्रुपमधल्या सगळ्यांना मी गेटबद्दल इतकं बजावत असते.

1912 चा केअरनगॉर्म क्लबचा लोखंडी पूल ओलांडला, की थोड्या वेळात लॉख मॉर्लिख. वाळूचा किनारा, समोर डोंगर, कॅफे, गर्दी. कॉफी प्या आणि निघा.

ग्लेनमोरच्या पुढे खिंड अरुंद होत जाते आणि उजव्या हाताला अन लोखन उएन्या येतं, हिरवं तळं. रंग खरंच हिरवा आहे, फोटोत वाढवलेला नाही. पऱ्या इथे आपले हिरवे कपडे धुतात म्हणून पाणी हिरवं झालं असं इथले लोक सांगत आलेत. त्याच्यापुढे रायव्होअनची बॉथी, म्हणजे दगडी झोपडी, कायम उघडी, फुकट, स्वयंसेवकांनी सांभाळलेली, पाऊस आला तर आत बसून डबा खायचा आणि जाताना कचरा बरोबर न्यायचा. इथपर्यंतचा शेवटचा भाग आणि बॉथीनंतरचा उतार दोन्ही दगडाळ आहेत, बूड सीटवरून उचलून, ब्रेकवर बोटं हलकी ठेवून घ्या.

आईला फोनवर सांगितलं की एकटी जंगलात जाते, तर तिचा पहिला प्रश्न, "अगं पण जनावरं असतील ना?" नाहीयेत. लांडगे संपून काही शतकं झाली, अस्वलं त्याच्याही कितीतरी आधी गेली. आणि नेमकं तेच या जंगलाचं दुखणं. हरणांना खाणारं कोणी उरलं नाही, शिकारीच्या हौसेसाठी इस्टेटींनी हरणं वाढू दिली, आणि हरणं पाइनचं प्रत्येक कोवळं रोप खाऊन टाकतात. कितीतरी ठिकाणी जंगलात नुसते म्हातारे वृक्ष उभे होते आणि त्यांच्या हाताखाली एकही पोर नाही, अशी अवस्था होती. ॲबरनेथीचा मोठा भाग 1988 मधे आरएसपीबी या पक्षीसंस्थेने घेतला आणि हरणांची संख्या खाली आणली. कुंपणं घालणं सोपं होतं, पण उडता उडता कॅपरकेली नावाचे पक्षी तारेवर आपटून मरतात, म्हणून असलेली कुंपणं सुद्धा काढली.

त्याचा परिणाम तुम्ही सायकलवरून बघता. बॉथीकडून फॉरेस्ट लॉजकडे उतरताना आधी उघडं हेदरचं माळरान लागतं, आणि मग त्यात घोट्याएवढं एक पाइन दिसतं, मग चार, मग गुडघ्याएवढी, कमरेएवढी, कोणी न लावलेली, वाऱ्याने आलेल्या बियांची, आणि बघता बघता तुम्ही मोठ्या झाडांत शिरलेले असता. गाडीतून हे दिसायचं नाही, रस्ताच नाही तिथे. चालत गेलं तर हा बदल इतका सावकाश होतो की लक्षात येत नाही. सायकलच्या वेगाला तो बरोबर डोळ्यात भरतो. मी तिथे दर वेळी थांबते आणि रोपांचे फोटो काढते, मागच्या फोटोंशी ताडून बघते. हे जंगल आता केअरनगॉर्म्स कनेक्ट नावाच्या कामाचा भाग आहे, शेजारशेजारचे जमीनमालक मिळून 600 चौरस किलोमीटरवर 200 वर्षांचा विचार करून काम करतायत. दोनशे वर्षं! त्यातल्या कोणालाही शेवट बघायला मिळणार नाही आणि तरी रोज सकाळी उठून कामाला जातात, मला याचं फार अप्रूप आहे.

कॅपरकेली म्हणजे टर्कीएवढा काळा रानकोंबडा. 2021-22 च्या मोजणीत अख्ख्या ब्रिटनमधे अंदाजे 532 उरले होते आणि बहुतेक याच भागात. जमिनीवर घरटं करतो, माणसाने नुसतं दचकवलं तरी त्याचा विणीचा हंगाम बिघडतो. त्यामुळे वसंतापासून ऑगस्टपर्यंत मुख्य वाट सोडून आतल्या बारीक वाटांवर घुसू नका, स्ट्राव्हा ॲपवर तिथली लाइन दिसत असली तरी.

लॉख गार्टनला ऑस्प्रे, म्हणजे मासे पकडणारा शिकारी पक्षी. भिगवणला हिवाळ्यात ऑस्प्रे बघितलेला असेल तर ओळख पटेल, फक्त इथले थंडीत पश्चिम आफ्रिकेला जातात. ब्रिटनमधून ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्ण नाहीसे झाले होते, लॉख अन एलनच्या त्या किल्ल्यावर सुद्धा पूर्वी त्यांचं घरटं असायचं, अंडी जमवणाऱ्यांनी संपवलं. 1954 मधे इथे जोडी परत आली, 1958 ला घरटं परत लुटलं गेलं, मग रात्रंदिवस पहारा बसवला आणि 1959 ला पिल्लं उडाली. त्याच वर्षी लपवाछपवी सोडून लोकांना बघायला बोलावलं, हजारो आले.

बोट ऑफ गार्टनपासून परतीचा स्पेसाइड वे सोपा आहे, बाजूने वाफेच्या इंजिनाची स्ट्रॅथस्पे रेल्वे. यायचं तर मे महिन्याचा शेवट धरा, बर्चला नवी पानं असतात, रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि मिजेस, म्हणजे तिथली चावरी चिलटं, अजून जोरात नसतात. जुलै-ऑगस्टला आलात तर डोक्यावरून घ्यायची जाळी ठेवा, वारा असेल तर त्रास नाही, थांबलात की येतात. ट्रेनमधे सायकलच्या जागा मोजक्याच असतात, तिकिटाबरोबरच सायकलचं रिझर्व्हेशन करून टाका. भाड्याने घ्यायची तर ॲव्हिमोरमधे दुकानं आहेत, पण शनिवार-रविवारी तुमच्या मापाची ग्रॅव्हल बाईक उरेलच असं नाही, आठवडाभर आधी सांगून ठेवा.