साडेपाच ते साडेसहा

शाळा साडेपाचला सुटायची आणि आमच्या गावाकडची शेवटची एसटी साडेसहाला निघायची. चोपडा तालुक्यातल्या खेड्यांमधून पास काढून शिकायला येणाऱ्या आम्हा मुलींना दिवसभरात मोकळा असा तेवढाच तास. आठवी ते दहावी माझ्या मनाची जी काही ओढाताण झाली, ती बहुतेक या एका तासावरूनच झाली.

२००७ साली आठवीत आले तेव्हा क्रीडाशिक्षक सरांनी वर्गातल्या निम्म्या मुली खो-खोला उतरवल्या होत्या. हा खेळ मला का आवडला, ते आजही नेमकं सांगता येतं. पाठलाग करणारीने एकदा दिशा धरली की खांबाला वळसा घातल्याशिवाय तिला मागे फिरता येत नाही. पळणारी मात्र हवी तिकडे वळू शकते. म्हणून नुसते पाय चालवून भागत नाही. खो कधी द्यायचा आणि कुणाला, हे धावता धावता ठरवावं लागतं. तो विचार करताना फार मजा यायची.

नववीत मैदान रिकामं व्हायला लागलं. मुलींना कुणी मनाई केली नव्हती. आज एक आली नाही, उद्या दुसरी. ‘आता काय लहान आहेस का हाफ पँटवर पळायला?’ हे मैत्रिणी मायेनेच म्हणायच्या. घरी आजीही म्हणायची, ‘आते पुरे वं माय.’ त्या बोलण्याचं मला एवढं काही वाटलं नाही. खरी ओढ होती ती एसटी स्टँडची. शाळा सुटली की सगळ्या तिथल्या बाकावर बसायच्या. कुणाचं काय चाललंय, कुणाच्या घरी स्थळाची बोलणी निघालीत, गॅदरिंगच्या नाचात कोण, सगळं तिथेच ठरायचं. मैदानावरून धावत स्टँडवर पोहोचेपर्यंत गप्पा संपलेल्या असायच्या आणि दुसऱ्या दिवशी वर्गात कशावरून हसू पिकतंय, ते मला कळायचं नाही. पूर्वी माझ्यासाठी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली जायची, मग तीही बंद झाली. घामेजलेल्या अंगाने, दप्तर छातीशी धरून उभ्याने गावापर्यंत जायचं. चौदा वर्षांच्या मुलीला याहून मोठा धाक लागत नाही. घरच्यांचं रागावणं सोसता येतं, आपल्या माणसांच्या घोळक्याबाहेर पडणं सोसवत नाही.

तरीही मी टिकले. त्याचं मोठं श्रेय मराठीच्या सरांना आहे, आणि त्यांचा तर खो-खोशी काही संबंध नव्हता. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक काढायचे, हे सरांनी वर्गात सांगितलं. मग आमच्याकडूनही त्यांनी भित्तिपत्रक सुरू करून घेतलं आणि त्याचं काम दिलं स्टँडवर बसणाऱ्या मुलींना. खेळ सोडलेल्या माझ्या जिवलग मैत्रिणीचं अक्षर देखणं. ती संपादक झाली. पहिल्याच अंकात तिने आमच्या तालुक्याच्या सामन्याबद्दल लिहिलं. ते लिहायचं म्हणून सामना बघायला आली, मागोमाग बाकीच्याही आल्या. जागा पुन्हा धरली जाऊ लागली.

दहावीत नवाच पेच पडला. बीजगणित-भूमितीचा जादा तास नेमका साडेपाचला लागला. जिल्ह्याच्या स्पर्धा तोंडावर आलेल्या, दसरा झाला की कापूस वेचणी, म्हणजे दिवाळीची सुट्टी शेतातच जाणार. त्यात संध्याकाळी गावात लोडशेडिंग. घरी अभ्यास करायचा तर पहाटे उठूनच. ‘दहावीचं वर्ष आहे, खेळ बंद कर,’ असं ज्याने त्याने सांगितलं. गणिताच्या बाई एकट्याच तसं बोलल्या नाहीत. त्या क्रीडाशिक्षकांबरोबर बसल्या आणि दोघांनी मिळून वार वाटून घेतले: स्पर्धा संपेपर्यंत सोमवार, बुधवार, शुक्रवार मैदान, उरलेले दिवस गणित. बुडालेल्या तासांची वही संपादक मैत्रीण एसटीत माझ्या मांडीवर ठेवायची आणि चालत्या गाडीत प्रमेयं समजावून सांगायची. मुलांसाठी शाळेत रात्रीची अभ्यासिका होती, अंथरूण घेऊन मुलं तिथेच झोपायची. मुलींना ती सोय नव्हती, तेव्हा आमची अभ्यासिका एसटीच.

जिल्ह्याला आम्ही लवकर हरलो. दहावीला मात्र दोघीही पहिल्या वर्गात पास झालो.

आज माझी मुलगी शाळेत आहे. ‘अभ्यास, खेळ, मित्रमंडळी यांचा मेळ मुलांनी स्वतः घालायला शिकावं,’ असं पालकसभेत ऐकलं की मला पटत नाही. माझा मेळ मी एकटीने घातला नव्हता. दोन शिक्षकांनी आपापला हट्ट थोडा बाजूला ठेवला आणि एका मैत्रिणीने वही दिली, म्हणून तो बसला.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने शाळेकडे एक मागणं आहे. दहावीच्या वेळापत्रकातला मैदानाचा तास काढू नका, आणि जादा तास ठरवण्याआधी खेड्यावरच्या मुलींना त्यांच्या शेवटच्या एसटीची वेळ विचारा. आता मुलींचीही अभ्यासिका सुरू करायची असेल, तर आमच्या बॅचच्या मैत्रिणी खर्चाला हातभार लावायला तयार आहेत. तसं पत्र आम्ही मुख्याध्यापकांकडे देत आहोत.